बसलेली कोंबडी कापण्याआधी उलटून पाहा

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी वर्धा जिल्ह्यात आर्वी तालुक्यातल्या एका लहानशा गावात राहते. चार एकर कोरडवाहू वावर, दोन गाई आणि घरामागच्या सांदवाडीत कधी पंचवीस, कधी चाळीस गावरान कोंबड्या. वावर घरच्यांचं, कोंबड्या माझ्या. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी एक तलंग, म्हणजे अजून अंड्यावर न आलेली कोंबडी, माझ्या हातात दिली होती. तेव्हापासून सत्तावीस वर्षं हा व्यवहार मी सांभाळते. दोन्ही लेकरांच्या वह्या, एस.टी.चा पास, माझा चष्मा, सगळं अंड्यांच्या पैशातून झालं.

आपल्या दैनिकात बोंडअळी, संत्र्याची फळगळ, सोयाबीनचा भाव यावर नेहमी येतं आणि मी ते वाचते. कोंबड्यांवर आलं तर ते हजार पक्ष्यांच्या शेडवाल्यांसाठी असतं. पण जिच्या घरी दहाच कोंबड्या आहेत आणि त्यातली एक सकाळी उभीच राहिली नाही, त्या बाईनं काय करावं हे कुठं वाचायला मिळत नाही. आमच्याकडे त्याला एकच उत्तर आहे, ‘कापून टाक’. या एका उत्तरापायी बऱ्या होण्यासारख्या किती कोंबड्या आम्ही घालवल्या असतील, हे मला मागच्या उन्हाळ्यात कळलं. म्हणून हे पत्र. थोडं लांबलं तर सांभाळून घ्यावं.

मे महिना होता. पहाटे खुराड्याची फळी काढली, सगळ्या भर्रकन बाहेर आल्या, कबरी आली नाही. वाकून पाहिलं तर कोपऱ्यात पोटावर बसलेली. खुडूक झाली म्हणावं तर खाली अंडं नाही आणि हात लावला तरी फुगली नाही. बाहेर काढून अंगणात उभी केली, तर तशीच घसरून खाली आली, दोन्ही पाय दोन बाजूंना. डोळे मात्र स्वच्छ. चोचीपुढे ज्वारी टाकली तर टिपून खाल्ली. कोंबडीच्या पंज्यात आपलं बोट दिलं की ती बोट आवळते, तशी ती आवळत नव्हती. पंजा ओल्या फडक्यासारखा लोंबत होता.

शेजारची म्हणाली, “मानमोडी आली वाट्टे वं, कापून टाक, नाही त बाकीच्याहीले लागन.” दुसरीनं बर्ड फ्लूचं नाव काढलं. तिचंही चूक नाही. २०२५ च्या जानेवारीत नागपूरच्या गोरेवाडा प्राणी केंद्रातले तीन वाघ आणि एक बिबट्या त्या रोगानं गेल्याची बातमी सगळ्यांनी ऐकली होती, तेव्हापासून कोंबडी नुसती मान खाली घालून बसली तरी लोक घाबरतात. मी तिला टोपल्यात घालून दवाखान्यात नेलं. दवाखान्याचं नाव लिहीत नाही, कारण असं कुठंही झालं असतं. तिथं मला सांगितलं, “एका कोंबडीसाठी आल्या का काकू? चारशेचा पक्षी, कापा आणि मोकळ्या व्हा.” तिला कुणी टोपल्यातून बाहेर काढूनही पाहिलं नाही. त्या माणसाकडे गावं खूप आहेत, बाहेर दोन गाई अडलेल्या होत्या, हेही मी पाहिलं. तरी परत येताना मला रडू आलं, खोटं कशाला सांगू?

घरी आल्यावर कृषी विज्ञान केंद्रातल्या तीन दिवसांच्या प्रशिक्षणाची वही काढली. तिथल्या मॅडमनी एक वाक्य लिहून घ्यायला लावलं होतं: “कोंबडी बसली तर आधी उलटून पाहा.” रात्री ट्यूबलाइटखाली कबरीला मांडीवर आडवं घेतलं. (कोंबडीला उताणी फार वेळ धरू नये, तिला श्वास पुरत नाही.) पंखाखाली आणि जांघेत, जिथं पिसं विरळ असतात, तिथं तिळाएवढे जांभळट-काळे दाणे दिसले. मला आधी रक्त गोठल्याचे ठिपके वाटले. एक नखानं ओढला, तो सुटून आला आणि बोटावर फुटला. आत निव्वळ रक्त. चष्मा लावून पाहिलं तेव्हा त्याला बारीक पाय होते. एका पंखाखाली मोजले ते त्रेपन्न.

ही गोचिडाची पिल्लं. गाईच्या अंगावरची गोचीड वेगळी, कोंबडीची वेगळी. कोंबडीची मोठी गोचीड दिवसा अंगावर सापडतच नाही, म्हणून आपल्याला ती आहे हेच कळत नाही. ती खुराड्याच्या भेगेत, बांबूच्या पोकळीत, कवेलूच्या खाली लपून राहते, रात्री निघते, थोडा वेळ रक्त पिते आणि उजाडायच्या आत परत जाते. तिची पिल्लं मात्र काही दिवस कातडीला चिकटून असतात. त्यांच्या लाळेतल्या विषानं कोंबडीचे पाय लुळे पडतात. मग पंख आणि मानही जाऊ शकते. पण ती काढून टाकली की बहुतेक कोंबड्या हळूहळू उभ्या राहतात. हे मी वहीत लिहिलं होतं आणि विसरून गेले होते.

चिमट्यानं एक एक काढून फडक्यावर घेतले आणि चुलीत टाकले. साडेअकरा वाजता बॅटरी घेऊन खुराड्यात गेले. मातीच्या भिंतीला उजेड लावला तर भेगेतून त्या निघालेल्या, चपट्या, करड्या, वाळल्या मनुक्यासारख्या सुरकुतलेल्या. जुन्या बांबूला हात लावला तर खालच्या बाजूनं एकाशेजारी एक बसलेल्या. सत्तावीस वर्षं मी त्याच बांबूवर कोंबड्या बसवल्या! दुसऱ्या दिवशी बांबू जाळला, भिंतीवरून जाळ फिरवला, भेगा बुजवल्या, चुना मारला. ही गोचीड वर्ष-दीड वर्ष उपाशी राहू शकते, त्यामुळे खुराडा नुसता रिकामा ठेवून ती मरत नाही. फटीत मारायचं औषध जनावरांच्या औषधाच्या दुकानातून विचारून आणलं, कोंबड्या बाहेर असताना मारलं आणि वाळल्यावरच त्यांना आत घेतलं. कपाशीवर मारायचं औषध कुणी कोंबडीच्या अंगावर चोळू नये. आमच्याच गल्लीत एकानं तसं केलं. गोचिडा मेल्या आणि संध्याकाळपर्यंत कोंबड्याही मेल्या.

कबरीचं पुढचं सांगते. दुसऱ्या दिवशी काहीच फरक नव्हता. जुन्या लुगड्याच्या फडक्याची झोळी केली, पायांसाठी दोन भोकं आणि मागं विष्ठेसाठी एक, आणि ती उलट्या स्टुलाच्या पायांना बांधली. त्यात ती लोंबती राही आणि पंजे जेमतेम जमिनीला टेकत. दिवसातून दोन-तीनदा तासभर अशी, बाकी वेळ मऊ कुटारावर, कूस बदलून. सारखी एकाच जागी बसली तर छातीच्या हाडाला जखम होते. मागची पिसं कोमट पाण्यानं रोज धुतली, नाही तर माशी बसते आणि अळ्या पडतात. पाणी चमच्यानं, चोचीच्या टोकाला, ती स्वतः गिळेल तेवढंच. घशात ओतलं तर ते श्वासनळीत जातं आणि कोंबडी औषधानं नाही, पाण्यानं मरते. भिजवलेली ज्वारी, उकडलेल्या अंड्याचा बलक, थोडं गूळ-मिठाचं पाणी. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पंज्यात बोट दिलं, तिनं आवळलं. पाचव्या दिवशी पंखांचा आधार घेऊन उभी राहिली. आठव्या दिवशी दुसऱ्या कोंबड्यांच्या मागं सांदवाडीत गेली. तिची आजही रोजाआड अंडी चालू आहेत.

पण बसलेली प्रत्येक कोंबडी अशी उठत नाही, हेही लिहायलाच हवं. त्याआधीच्या वर्षी मोटारसायकलवर पिल्लं विकायला येतात त्यांच्याकडून मी सुधारित जातीची पंचवीस पिल्लं घेतली होती. तीन महिन्यांची होईपर्यंत छान वाढली. मग एक लंगडायला लागलं. चार दिवसांत ते एका कुशीवर पडलं, एक पाय पुढे ताणलेला, एक मागे. नाचताना पाय फाकवावेत तसं. मग दुसरं, मग तिसरं. ब गटातल्या जीवनसत्त्वाचं औषध दहा दिवस पाजलं, पाय चोळले, उपयोग झाला नाही. नऊ गेली. शेवटचं मेलेलं पिशवीत घालून एका सरकारी डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी माझ्यासमोर कापलं आणि दोन्ही मांड्यांतली नस उघडी करून दाखवली. एका बाजूची शिवायच्या दोऱ्यासारखी पांढरी, दुसरीकडची सुतळीसारखी जाड आणि पिवळट. त्यांनी रोगाचं नाव सांगितलं, मरेक्स. १९०७ साली हंगेरीतल्या मारेक नावाच्या डॉक्टरांनी त्याचं पहिल्यांदा वर्णन केलं म्हणून हे नाव. तो विषाणू पिसांच्या कोंड्यातून पसरतो, खुराड्याच्या धुळीत महिनोन् महिने राहतो, आणि वरून चांगल्या दिसणाऱ्या कोंबडीकडूनही पिल्लाला लागतो. त्याला औषध नाही. लस आहे, पण ती पिल्लू अंड्यातून निघाल्याबरोबर, पहिल्याच दिवशी उबवणी केंद्रात टोचायची असते. मी पिल्लं घेतली तेव्हा लस टोचली का, हे विचारलं नव्हतं. विचारायचं असतं हेच माहीत नव्हतं. अशा पिल्लाला झोळीत घालून झुलवत ठेवू नये, ते त्याच्या जिवाला त्रास देणं आहे. बाकीच्यांपासून लगेच वेगळं करावं.

म्हणून आता माझ्याकडे कुणी बसलेली कोंबडी घेऊन आली तर मी आधी वय विचारते आणि किती बसल्या ते विचारते. दोन-तीन आठवड्यांची पिल्लं असतील, बोटं मुठीसारखी आत वळलेली असतील आणि ती पायाच्या मागच्या सांध्यावर बसून सरकत असतील, तर बहुतेक वेळा ते खाण्यातलं उणं असतं. आमच्याकडे पिल्लांना नुसती तांदळाची कणी टाकतात. कणीनं पोट भरतं, पण त्यात रायबोफ्लेविन म्हणजे ब-२ जीवनसत्त्व फार थोडं. डॉक्टरांना विचारून ब-कॉम्प्लेक्स लवकर सुरू केलं, जोडीला पिल्लांचं तयार खाद्य आणि हिरवा पाला दिला, तर ती सुधारतात. मी स्वतः सहापैकी पाच उभी केली. उशीर झाला तर नस कायमची खराब होते. सहावं पिल्लू उशिरा आणलेलं होतं.

अंड्यावरची कोंबडी बसली आणि त्याआधी पातळ कवचाचं, कातडीसारखं अंडं आलं असेल, तर चुन्याची कमी. एका अंड्याच्या कवचात दोनेक ग्रॅम कॅल्शियम जातं, खाण्यातून कमी पडलं की ते ती स्वतःच्या हाडातून काढून देते. शिंपल्याचा चुरा वेगळ्या भांड्यात कायम ठेवावा. तीच कोंबडी शेपूट खाली टाकून, सारखी जोर करत असेल तर अंडं अडकलेलं असू शकतं. तिला कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटं बसवावं आणि पोट दाबू नये. एकाच पायानं लंगडत असेल तर तळवा पाहावा, काळी खपली असली तर आत पू असतो.

खरी भीती मला आमच्या भागात विषाची वाटते. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली, ते आपण सगळ्यांनी पाहिलं. कोंबडीचा जीव तर मुठीएवढा. फवारणी झालेल्या धुऱ्यावरचे मेलेले किडे ती टिपते, डबकं पिते. मग लाळ, थरथर, पातळ विष्ठा आणि पाय जातात. हे काही तासांत होतं. तेव्हा डॉक्टर ॲट्रोपिनचं इंजेक्शन देऊ शकतात, पण लगेच न्यावं लागतं. आणि मृगात पेरून उरलेलं सोयाबीनचं बियाणं, ज्याला थायरम नावाचं बुरशीचं औषध चोळलेलं असतं, ते ‘वाया कशाला घालवायचं’ म्हणून बायका कोंबड्यांना टाकतात. थायरमनं वाढत्या पिल्लांच्या पायाची हाडं बिघडतात आणि कोंबड्या बिनकवचाची अंडी घालू लागतात. रंगवलेलं बियाणं दिसलं की मी हात जोडून सांगते, जमिनीत पुरा पण कोंबडीला टाकू नका. विषानं बसलेली कोंबडी कापून खाऊही नये. ‘कापा आणि मोकळ्या व्हा’ हे सांगणाऱ्यांनी त्या ताटात कोणाची लेकरं जेवतात याचा विचार केला पाहिजे.

मेलेली कोंबडी उकिरड्यावर फेकायची सवयही सोडली पाहिजे. तिच्यात अळ्या पडतात, त्या अळ्या दुसऱ्या कोंबड्या टिपतात आणि दोन दिवसांत त्यांचे पाय आणि मान लोळागोळा होते. ते सडक्या मांसातलं विष असतं. खड्डा करून, वर चुना टाकून पुरायला अर्धा तास लागतो.

आता मानमोडीचं. एका वेळी अनेक कोंबड्या मलूल झाल्या, हिरवट पांढरी हगवण, तोंड उघडून श्वास, मान पिळवटलेली, पाय लुळे, तर ती बहुतेक राणीखेत समजावी. कुमाऊंतल्या राणीखेत गावाचं नाव या रोगाला १९२० च्या दशकात पडलं. तिची लस आपल्याच देशात मुक्तेश्वरच्या संस्थेत १९४० च्या दशकात तयार झाली. म्हणजे ही लस माझ्यापेक्षा वयानं मोठी आहे. तरी माझ्या गावातल्या शंभरातल्या नव्वद कोंबड्यांना ती कधी टोचलेली नाही, हे मी घरोघर विचारून लिहिते आहे. पहिल्या आठवड्यात डोळ्यात-नाकात थेंब आणि पुढे दीड-दोन महिन्यांनी टोचणी, एवढंच काम आहे.

अडचण साधी आहे. टोचायच्या लसीची कुपी शंभर कोंबड्यांची येते, बर्फातून आणावी लागते आणि एकदा मिसळली की दोन तासांत संपवावी लागते. बारा कोंबड्यांची बाई ती कुपी कशी घेणार? आणि एकेकीनं घेतली तर अठ्ठ्याऐंशी डोस मातीत जाणार. हे काम गावानं एका दिवशी, एका जागी केलं तरच होतं. २०१९ च्या पशुगणनेत देशातल्या परसातल्या कोंबड्या ३१ कोटींच्या वर निघाल्या. या कोंबड्या बहुतेक बायांच्या हातात आहेत. गाईसाठी लसीकरणाचा दिवस ठरतो, दवंडी होते. कोंबडीसाठी का होऊ नये?

पशुसंवर्धन विभागाला माझी आपल्या दैनिकामार्फत विनंती आहे. प्रत्येक ग्रामपंचायतीत वर्षातून दोनदा, उन्हाळा लागण्याआधी आणि पावसाळ्याआधी, कोंबड्यांच्या लसीचा दिवस ठेवावा. जनावरांच्या दवाखान्याची १९६२ या फोन क्रमांकावरून येणारी फिरती गाडी बर्फाच्या डब्यासह आली तरी काम होईल. दवाखान्यात आठवड्यातला एक दिवस, बाजाराचा असला तर उत्तम, कोंबड्या पाहण्यासाठी असावा, आणि त्या दिवशी कोंबडी टोपल्यातून बाहेर काढून, उलटून पाहिली जावी. गावोगाव पिल्लं विकणाऱ्यांनी कोणती लस कोणत्या दिवशी दिली याची चिठ्ठी द्यावी. एकदम अनेक पक्षी मेले तर कुणी ते लपवू नये, म्हणून तसं कळवणाऱ्या बाईचं नुकसान विभागानं भरून द्यावं आणि हे तिला आधी सांगावं. भीतीपोटी बाया मेलेले पक्षी रात्री नाल्यात टाकतात, मी पाहिलं आहे.

आणि आपल्याला एक विनंती. शेतीच्या पानावर एकदा तरी चित्रं छापा. वळलेल्या बोटांचं पिल्लू, एक पाय पुढे एक मागे टाकलेली तलंग, पंखाखालची गोचीड. आमच्यातल्या पुष्कळ जणींना वाचता येत नाही, पण चित्र पाहून त्या आपली कोंबडी ओळखतील. मी ते कापून पिठाच्या गिरणीत आणि अंगणवाडीत चिकटवीन.

आमच्या बचत गटातल्या अकरा जणींनी मिळून कोंबड्या मोजल्या, एकशे चौसष्ट भरल्या. म्हणजे दोन कुप्या लागतील. कुपीचे पैसे आम्ही गोळा करून ठेवले आहेत, बर्फाचा डबा दूध डेअरीवाल्याकडून मिळतो. टोचणारा माणूस तेवढा हवा. ज्या दिवशी कुणी यायचं ठरवेल त्याच्या आदल्या संध्याकाळी निरोप द्यावा, आम्ही त्या पहाटे खुराडे उघडणार नाही. सकाळी सहाला आलात तर सगळ्या कोंबड्या हाताशी सापडतील.

आपली नम्र,
एक वाचक शेतकरीण
ता. आर्वी, जि. वर्धा
(नाव व पत्ता संपादकांसाठी वेगळ्या कागदावर सोबत जोडला आहे.)